दाणीकाकांची थंड कॉफी

दाणीकाकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी नापास केलं असेल, तर ते त्यांच्या बायकोनं. तेही साध्या कॉफीत. त्याआधी नापास करण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी पगारासाठी कमी, हौसेनंच जास्त केलं.

जबलपुरात चेरीतालला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. आता खाली कुलूप असतं. काकांना त्यांच्या मुलीनं बंगळूरला नेलं, आणि मी रोज शाळेतून आले की त्या कुलपासमोरून जिना चढते. सवय होईल म्हणतात. मला अजून झालेली नाही.

मी पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा काकांनी माझी काही चौकशी केली नाही. त्यांनी माझी स्कूटर तपासली. खाली वाकून मागचं चाक दाबलं, ब्रेक ओढला, आरसा पुसून त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. मग म्हणाले, "काय करते तू?"

"राइट टाउनला शाळेत गणित शिकवते."

"गणित शिकवते आणि चाकात हवा कमी ठेवून फिरून राहिली! चलो, घर दिलं. पण आधी हवा भरून ये, मॅडम."

तेव्हापासून मी 'मॅडम'च झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला अजून शंका आहे.

काका संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणीवर होते. तिथं काय बनायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फारच विचारलं तर "जे बनायचं ते बरोबर बनायचं" एवढंच. बनून आलेला तुकडा हातात घ्यायचा, मापाला लावायचा, आणि केसभर फरक दिसला तरी 'रिजेक्ट' म्हणून बाजूला टाकायचा. उभी हयात हेच केल्यावर माणूस निवृत्त होतो, पण त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत. काका भाजीवाल्याची भेंडी मोडून बघत आणि 'रिजेक्ट' म्हणत. पेपर टाकणाऱ्यानं घडी वाकडी घातली की रिजेक्ट. सत्यनारायणाला गुरुजींनी एखादा उच्चार सैल सोडला की काका एक डोळा उघडत. तो डोळा गुरुजींनी पाहिला की पुढची पोथी फार स्वच्छ वाचली जाई.

शेजारच्या तिवारींकडे मुलीचं लग्न होतं. मुलीचा बाप हात जोडून पंगतीतून फिरत होता. आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "दाणीजी, सब ठीक है ना?" आता अशा वेळी काय म्हणायचं असतं ते पाळण्यातल्या पोरालाही कळतं. काकांनी खोव्याची जलेबी उचलून उजेडात धरली. "रिजेक्ट," ते म्हणाले. "भीतर से कच्ची है." तिवारींचा चेहरा पडला. तेवढ्यात काकांच्या बायको, शैलाकाकू, पुढे झाल्या. आपल्या पानातली जलेबी त्यांनी तिथल्या तिथे उभ्याउभ्या खाल्ली, वर आणखी एक मागितली, आणि म्हणाल्या, "भाईसाहब, इनके दाँत में दर्द है." काकांचे सगळे दात शाबूत होते.

असा तो संसार होता. काका पुढून फाडत जायचे आणि काकू मागून टाके घालत यायच्या. बोलणं दोघांत फार नसायचं. काका सकाळी चहा घेऊन पेपराशी भांडायचे, दुपारी झोपायचे, संध्याकाळी पुलापर्यंत फिरून यायचे. काकूंचा दिवस स्वैपाकघरात सुरू व्हायचा आणि तिथंच मावळायचा. एक गोष्ट तेवढी काकूंची स्वतःची होती. दुपारी चार वाजता, काका झोपलेले असताना, त्या स्वतःपुरती एक कप कॉफी करत आणि मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून पीत.

त्यांचे वडील रेल्वेत होते. लहानपणी क्वार्टर्समध्ये शेजारी एक मद्रासी कुटुंब होतं, तिथं ही चटक लागली. दाणींच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या चहाच. लग्न होऊन आल्यावर सासूनं कॉफीचा वास घेऊन नाक मुरडलं होतं, आणि सासू गेल्यावर ते काम काकांनी चालवलं. "औषध पिऊन राहिली," म्हणायचे. काकू हसायच्या. कप रिकामा झाला की बशीत उपडा ठेवायच्या, संपलं म्हणून सांगायला. कुणाला सांगायच्या ते देव जाणे. व्हरांड्यात तेव्हा एक तुळस सोडली तर कुणी नसायचं.

मग काकूंच्या घशाला ते दुखणं झालं. नाव मी लिहीत नाही, घरात कुणी ते घेत नव्हतं. नागपूरला नेलं, तिथं शेकलं. लाइट दिली असं आमच्याकडे म्हणतात, जसं काही दिवाच लावला. होळीच्या सुमारास दोघं परत आले तेव्हा काकू अर्ध्या झाल्या होत्या आणि आवाज गेला होता. कुजबुजल्यासारखं बोलायच्या. गरम काहीही घशाला लागलं की डोळ्यांत पाणी. वरण नाही, भात नाही, चहा नाही, कॉफी तर नाहीच. दूध पुढे केलं की मान फिरवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, जे खाली उतरेल ते द्या, गार द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर आम्ही केलेलं सगळं वाया जाईल.

त्या दिवसांत मी काकांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ते ओरडायचे जास्त, म्हणून कळलं.

मुलगी मेघा बंगळूरहून आली होती. तिचं मराठी म्हणजे कानाला कळतं, तोंडाला येत नाही अशातलं. ती म्हणाली, "बाबा, आई को कॉफी पसंद है ना? कोल्ड कॉफी दे दो. सदर में अच्छा कॅफे है." काकांनी स्कूटर काढली. मे महिन्याची दुपार, डांबर पायाला चिकटत होतं. सदरहून चेरीतालला येईस्तोवर त्या उंच प्लास्टिकच्या ग्लासातला बर्फ वितळून वर पाणी आणि खाली आइस्क्रीमचा गाळ झाला होता. काकांनी झाकण काढून बघितलं, बिलाकडे बघितलं, आणि त्यांच्यातला तपासनीस जागा झाला.

"यात कॉफी कुठे आहे? सगळा बर्फ आणि साखर. रिजेक्ट. एवढ्या पैशात घरी महिनाभर होईल."

"तो घर पे बना लो ना," मेघा म्हणाली. ती वैतागली होती. तिला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, नोकरी होती, आणि आईकडे बघवत नव्हतं.

काकांनी खरंच केली. ज्या माणसाला घरात काडेपेटी कुठे असते ते माहीत नव्हतं, त्यानं कॉफी केली. मी वरून येता-जाता बघत होते. आधी मला गंमत वाटली, नंतर नाही वाटली.

पहिले आठ-दहा दिवस फक्त चुका. गरम कॉफी करून त्यात बर्फ टाकला, ती नुसती कोमट पाणचट झाली. गार दुधात पावडर टाकली, तिच्या गुठळ्या वर तरंगत राहिल्या. मग ते नीट शिकले. स्टीलच्या ग्लासात पावडर, साखर आणि चमचाभर गरम पाणी घालून इतकं घोटायचं की तपकिरी रंग जाऊन फिकट फेस व्हावा. ते घोटताना चमच्याचा टणटण आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा, आणि त्यावरून चार वाजायला आले हे मला कळायचं. मग फ्रिजमधलं थंड दूध, जॅमच्या रिकाम्या बाटलीत दोन्ही घालून झाकण लावून हलवायचं. मिक्सर मेघानं मागवून पाठवला होता, तो त्यांनी खोक्यातून काढलाच नाही. "त्याला हात कुठे असतो? हाताला समजते," असं त्यांचं म्हणणं.

बर्फाची अडचण मोठी होती. तुकडा काकूंच्या घशाला टोचायचा, आणि विरघळला की कॉफी पाणी-पाणी. त्यावर काकांनी जी युक्ती काढली तिचा त्यांना फार अभिमान होता. ते कॉफीचाच बर्फ करायचे. काळी कॉफी करून ट्रेमध्ये गोठवायची, ते तुकडे धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधायचे आणि खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठेचायचे. भुरभुरीत चुरा व्हायचा. तो वितळला तरी कॉफीत कॉफीच मिसळणार. वीज गेली की ट्रे घेऊन ते शेजारी तिवारींच्या इन्व्हर्टरवाल्या फ्रिजकडे धावायचे. जलेबीचं प्रकरण तिवारी विसरले नसणार, पण त्यांनी फ्रिजचा एक कप्पा काकांना देऊन टाकला.

चार वाजता ग्लास ट्रेमध्ये ठेवून काका व्हरांड्यात जायचे. काकू वेताच्या खुर्चीत उशा लावून बसलेल्या असायच्या. एक घोट घ्यायच्या. काका समोर उभे, फॅक्टरीत साहेबापुढे कामगार उभा राहतो तसे.

काकू मान हलवायच्या आणि कुजबुजायच्या, "रिजेक्ट."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यात थबकले. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काहून? काय कमी आहे?"

"साखर जास्त आहे."

"अच्छा." काका आत गेले. आणि काकूंनी नापास केलेली ती कॉफी हळूहळू, थांबत थांबत, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली आणि ग्लास ट्रेमध्ये उपडा ठेवला.

मग हे रोजचंच झालं. आज साखर जास्त, उद्या कॉफी कमी. परवा दूध दाट लागतंय. मग काहीतरी चुकतंय, चिमूटभर मीठ घालून बघा. मग साखर अजून कमी करा. काका प्रत्येक सूचना मनावर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ती पाळायचे. कधीही, कुणाकडूनही एक शब्द ऐकून न घेणारा माणूस! मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हीच एक घोट घेऊन बघा ना, म्हणजे कळेल नेमकं काय कमी-जास्त आहे."

ते माझ्यावर उखडलेच. "कायदा आहे, मॅडम. बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. बनवणाऱ्यानं आपला माल आपण पास करायचा नसतो. त्याला आपल्या हातचं चांगलंच वाटते. मी किती लोकांना यावरून झापलं आहे, आता मीच करू?"

"आणि मी काय देव आहे," काकू खुर्चीतून कुजबुजल्या, "यांचा नैवेद्य न चाखता माझ्यापुढे येतो."

दोघंही हसले. त्या घरात त्यांना एकत्र हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जेवढं ते त्या उन्हाळ्यात एकमेकांशी बोलले, तेवढं सगळ्या संसारात बोलले नसतील. विषय एकच, कॉफी. पण विषयाला काय, एक पुरतो.

एका रविवारी काका बर्फाच्या ट्रेचं झाकण शोधायला घमापुरच्या बाजारात गेले होते आणि मी काकूंपाशी बसले होते. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तोंड उघडलंच. "काकू, बिचारे एवढं करतात. खरंच रोज इतकी वाईट होते का हो?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाकायची खूण केली.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "लाइट दिल्यापासून जिभेला काही कळत नाही गं. साखर घाला, माती घाला, सारखंच. गार लागते, तेवढं समजते."

"मग रिजेक्ट का म्हणता?"

"तसं नाही म्हटलं तर दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. काल किती घास गेले, आज किती गेले. रडायला येते यांना, आणि रडता येत नाही. मी पाहून राहिले ना." बोलताना त्यांना धाप लागत होती, त्यांनी थोडं थांबून घेतलं. "रिजेक्ट म्हटलं की उद्याच्या तयारीला लागतात. ज्या दिवशी पास म्हणेन, त्या दिवशी या माणसाला काम उरणार नाही. सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही. गुपित फार मोठं नव्हतं, पण जड होतं. चार वाजता चमच्याचा टणटण आवाज आला की मी पुस्तक मिटून ठेवायची. तो आवाज ऐकत गणिताचे पेपर तपासणं मला जमत नसे.

पाऊस आला आणि गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. काकू खुर्चीतून पलंगावर गेल्या. जबलपूरची थंडी सुरू झाली, दुपारीही अंगावर शाल लागायला लागली, तरी थंड कॉफी चालूच होती, कारण दुसरं काही जात नव्हतं. काका स्वेटर, कानटोपी घालून फडक्यात बर्फ ठेचायचे. बोटं लाल व्हायची. आता ग्लास नव्हता. चमच्या-चमच्यानं पाजायचे आणि पाजून झालं की निकालाची वाट बघत थांबायचे. काकू पुरतं बोलूही शकत नसत, नुसती मान हलवायच्या. रिजेक्ट. काका "अच्छा, उद्या बघतो" म्हणायचे आणि वाटी घेऊन उठायचे.

आणि मग एके दिवशी काका जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नसत. दारात उभे राहून त्यांनी कठडा धरला.

"मॅडम, आज पास म्हणाली."

मी पटकन म्हटलं, "अरे वा, चांगलंच झालं की काका!" पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

"काहून म्हणाली?" ते म्हणाले. "मी कालच्यासारखीच बनवली होती. काही बदललं नव्हतं, मॅडम. ना साखर, ना मीठ, काही नाही."

मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"माल तोच असला, आणि काल रिजेक्ट होता तो आज पास झाला, तर आम्ही काय समजायचो ठाऊक आहे? तपासणारा थकला आहे, असं समजायचो." ते कठड्यावरून हात फिरवत राहिले. "त्याला घरी पाठवायचो."

त्या आठवड्यातच काकू गेल्या.

दहाव्याला ग्वारीघाटावर गेलो. बायका जात नाहीत, पण मेघानं हट्ट धरला आणि तिच्या सोबतीला मी. नर्मदेवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. काकांच्या खांद्याला थर्मास होता. पिंड ठेवल्यावर कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलंय असं समजतात आणि मग जवळचे लोक एकेक सांगायला लागतात, हे करू, ते करू, तुझी इच्छा पुरी करू. काकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कावळा येणार नाही, सगळे बोलून थकतील, मग आपण कॉफी ओतायची आणि कावळा येईल. रस्त्यात त्यांनी हे मला दोनदा सांगितलं होतं. "बघच तू. कॉफीशिवाय ती हलायची नाही."

गुरुजींनी पिंड ठेवला आणि बाजूला झाले. काका थर्मासचं झाकण फिरवतच होते, तोवर कावळा आला आणि शिवला. इतक्या लवकर की पुष्कळांच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, भाग्यवान हो बाई, काही इच्छा राहिली नव्हती. मेघा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

काका अर्धं उघडलेलं झाकण धरून उभेच होते. मग त्यांनी ते उलटं फिरवून घट्ट बसवलं.

"एवढी काय घाई होती," ते म्हणाले. पिंडाला म्हणाले की नदीला, कळलं नाही. परतताना गाडीत थर्मासातला बर्फ अजून वितळला नव्हता, प्रत्येक खड्ड्याला तो आतून आपटत होता.

वर्षभर काकांनी कॉफी केली नाही. चार वाजता खालून काही आवाज येत नसे. भाजीवाल्याला ते देईल ती भेंडी घेऊ लागले, आणि तो भला माणूस आपणहून चांगली निवडून देऊ लागला. एकदा माझ्या स्कूटरच्या चाकात खरंच हवा नव्हती. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून ढकलत नेली. त्यांनी पाहिलं, काही म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं.

वर्षश्राद्धाला मेघा आली होती. गुरुजी होते, तिवारी पतिपत्नी होते, फॅक्टरीतले दोन जुने सोबती होते. स्वैपाक बाहेरून आला होता. पण सकाळी मी खाली गेले तर स्वैपाकघरातून टणटण आवाज येत होता. काका स्वेटरच्या बाह्या वर सारून फेस घोटत होते. फडक्यात बर्फ ठेचून तयार होता. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरानं जरा उजेड दिसला.

"आज सगळ्यांना पाजून राहिलो, मॅडम. तिची पास झालेली. एक दाणाही इकडचा तिकडे केला नाही."

जेवणं झाल्यावर स्टीलच्या ग्लासांत ती कॉफी आली. बाहेर धुकं, सगळ्यांच्या अंगावर शाली, आणि हातात गारढोण ग्लास. पण माणूस गेलेलं घर, कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी घोट घेतला. मीही घेतला.

ती कॉफी पिण्यासारखी नव्हती. कडू नव्हे, कडूच्या पलीकडचं काहीतरी. साखर जवळजवळ नव्हती, दूध नावाला, मीठ जिभेवर उभं राहत होतं. जिभेला काही न कळणाऱ्या बाईनं महिनोन्‌महिने मनानं रचून केलेल्या सूचना, आणि एका सचोटीच्या माणसानं त्यांतली प्रत्येक पाळलेली. त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. गुरुजींनी डोळे मिटून गिळली आणि "थंडीत चांगली असते" असं काहीतरी पुटपुटले. फॅक्टरीतल्या सोबत्यांनी ग्लास खाली ठेवून सुपारी शोधायला घेतली. तिवारीकाकी उभ्याउभ्या अर्धा ग्लास प्याल्या आणि म्हणाल्या, "बहुत बढिया, भाईसाहब." मला त्या क्षणी शैलाकाकू आठवल्या.

मेघा सगळ्यात शेवटी आतून आली. ग्लास उचलला, तोंडाला लावला.

"बाबा! ये क्या है? ये कोई पी सकता है क्या?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेकाच्या ग्लासाकडे पाहिलं. एक अर्धा, बाकी सगळे भरलेले. आयुष्यभर ज्यानं केसाएवढा फरक पकडला, त्याला आता सांगायची गरज नव्हती. त्यांनी ट्रेमधला आपला ग्लास उचलला, जो त्यांनी फक्त शोभेला भरला होता, आणि आपल्या हातच्या कॉफीचा पहिला घोट घेतला.

चेहरा हलला नाही. ट्रे आणि ग्लास घेऊन ते उठले आणि मागच्या व्हरांड्यात गेले. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

"हे पीत होती ती?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो, काका."

"रोज?"

"रोज."

"पूर्ण पीत होती. मी ग्लास बघायचो ना. उपडा ठेवायची."

आता सांगायला हरकत नव्हती. ज्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं त्या नव्हत्या, आणि यांना अर्धवट कळण्यापेक्षा पूर्ण कळलेलं बरं. "त्यांना चव लागत नव्हती, काका. लाइट दिल्यापासून. मला म्हणाल्या होत्या."

ते तुळशीकडे वळले. "मग रिजेक्ट काहून म्हणायची?"

"तुम्ही उद्या परत करावी म्हणून."

वेताच्या खुर्चीवर उशा अजून होत्या. त्या काकांनी बाजूला सारल्या नाहीत, त्यांच्यासकट तिच्यात बसले. काकू गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. कानटोपी काढून मांडीवर ठेवली. आणि मग ते ती कॉफी पिऊ लागले. जन्मभर चहा पिणारा माणूस. एकेक घोट घ्यायचे, गिळायला वेळ लागायचा, डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसत नव्हते, आणि पुन्हा ग्लास तोंडाला लावायचे. मी थांबवायला पुढे झाले आणि मग थांबले.

पुढच्याच आठवड्यात मेघा त्यांना बंगळूरला घेऊन गेली. जाताना ते गाडीत पुढे बसले होते, हातही हलवला असेल, पण ते मला नीट आठवत नाही. मला आठवतं ते व्हरांड्यातलं. तळाशी राहिलेला बर्फाचा चुरासुद्धा त्यांनी ग्लास तिरका करून तोंडात घेतला. मग पुढे वाकून जमिनीवरचा ट्रे जवळ ओढला आणि ग्लास त्यात उपडा ठेवला. आतून मेघा हाका मारत होती, गुरुजी निघाले, दक्षिणा द्यायची राहिली म्हणून.